गोल टेबलाचे पाच इंच

शोभाला हे माहीत नाही. सत्तावीस वर्षांचा संसार आहे आमचा, माझं बारीकसारीक खोटं ती नुसत्या आवाजावरून ओळखते — पण हे तिला कळलेलं नाही. मुलांना नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही मी याच्या आजूबाजूनं फिरतो आणि दुसरंच काहीतरी पुटपुटून उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा-माझा काही व्यवहार नाही. तुम्हाला मला काही विकायचं नाही, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. असं कुणाशी बोलायला मी बहुतेक पहिल्यांदाच बसलोय.

गोष्ट एका टेबलाची आहे. जेवणाचं गोल टेबल — मधे एकच जाड खांब, त्याच्या बुडाला चार बाजूंना पसरलेले चार पाय. अस्सल जुनं सागवान, हातानं केलेलं. आजही ते माझ्या मलकपेठच्या घरात आहे. त्यावर मी रोज दोन वेळा जेवतो. घास खाली उतरतो. याचं मला रोज नव्यानं आश्चर्य वाटतं.

पण टेबलाआधी दुसरं काही सांगावं लागेल. ती सबब नाही. सबब द्यायला मी बसलेलो नाही. पण मी कोण ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

आमचं घर सुतारकीचं. बापू, म्हणजे माझे वडील, नांदेडकडून हैदराबादेत आले आणि गौलीगुड्याच्या एका बोळात त्यांनी खोलीभर कारखाना टाकला. आम्ही दोघं भाऊ. नरसिंग दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दादा शांत. मी — मी कसा होतो ते यावरून ओळखा: चौदा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाच्या दाराची फळी रंधत होतो, लाकडात गाठ आली, रंधा अडकला, आणि मी चिडून त्या गाठीवर असा जोर केला की फळीच्या मधोमध खड्डा पडला. बापूंनी माझ्या हातातला रंधा काढून घेतला. मारलं नाही. मारलं असतं तर बरं. ते दादाला म्हणाले, "ह्याचा हात लाकडाचा नाही. ह्याला बाजारात घाला." गिऱ्हाईक समोर उभं होतं. तेही हसलं.

पुढे बापू गेले तेव्हा हत्यारांची पेटी दादाकडे गेली. अख्खी. करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, बापूंच्या हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या मुठी — सगळं. मला एक पटाशी? एक कानस? काही नाही. मागितलीही नाही मी. मागणारा मी नव्हे.

बघा — हे सांगतानाही माझे कान तापलेत. पस्तीस वर्षं झाली. कबूल करायला बसलोय आणि तक्रार सांगतोय.

बाजारात घातलं, तर मी बाजार जिंकून दाखवला. शहरात जुनी घरं पडतात, त्यांची दारं, चौकटी, तुळया मी उचलतो आणि विकतो. हातगाडीपासून सुरू केलं, आज वखार आहे. हे सगळं मी जिभेवर कमावलंय. माझी रीत साधी आहे. समोरचा जो आकडा बोलेल त्याच्या निम्मा मी बोलायचा. मग तो हसतो, मी उठतो, तो हाक मारतो, आणि आम्ही मधे कुठेतरी मिटवतो. मधला आकडा मला आधीच ठाऊक असतो. माझ्यासमोर कुणी आकड्यावर अडून राहिला, असं सहसा होत नाही. झालं तर मला झोप लागत नाही, खरंच सांगतो.

दादानं मात्र आयुष्यात घासाघीस केली नाही. गिऱ्हाईक देईल ते घ्यायचं, दुप्पट वेळ लावायचा, आणि काम असं करायचं की लोक दाराला हात लावून उभे राहायचे. अंबरपेठेत दोन खोल्या. वहिनी, मुलगी मीरा. बस्स. माझ्यापेक्षा गरीब, आणि माझ्यापेक्षा मोठं नाव. गौलीगुड्यात अजूनही मी 'नरसिंगचा भाऊ' होतो. वखार माझी, पण मी नरसिंगचा भाऊ.

चार वर्षांपूर्वी एका पडक्या हवेलीचं लाकूड माझ्याकडे आलं. त्यात एक खांब होता — मांडीएवढा जाड, आतून मधासारखा रंग. तो पाहिला आणि डोक्यात गोल टेबल आलं. गोलच का? कारण गोल टेबलाला मानाची जागा नसते. बापूंच्या घरात पंगत बसायची तेव्हा बापू भिंतीशी, त्यांच्या उजव्या हाताला दादा, आणि मी पार दाराशी, जिथून सगळे उठता-बसता ओलांडून जायचे. माझ्या घरात असं नको होतं. आणि खरं सांगू? दादानं माझ्या घरी यावं, मी घेतलेल्या लाकडाच्या टेबलावर बसावं, आणि त्याच्या नि माझ्या खुर्चीत काही फरक नसावा. एवढंच हवं होतं. हे वाईट आहे का? हे तर वाईट नव्हतं.

दादाला सांगितलं तर तो खुलला. दोन महिने त्यानं दुसरं काम घेतलं नाही. खांबाला खाचा पाडून त्यानं चार पाय असे बसवले की एक खिळा लागला नाही. वरची फळी साडेचार फुटांची, आठ माणसं बसतील अशी. ती त्यानं खाली पक्की जखडली नाही, भोकं थोडी लांबट ठेवली. म्हणाला, उन्हाळ्यात लाकूड आखडतं, पावसात फुगतं, त्याला हलायला जागा पाहिजे, नाहीतर ते स्वतःच स्वतःला चिरतं. मी हो हो म्हटलं. मला त्या वेळी दुसरंच दिसत होतं. मला ते पाय फार लांब वाटत होते.

दादानं कारखान्याच्या फरशीवर खडूनं वर्तुळ काढलं होतं, टेबलाच्या फळीएवढं, आणि त्यात चार पायांच्या रेघा. प्रत्येक पाय मध्यापासून वीस इंच. मी एका हॉटेलात पाहिलं होतं — खाली नुसती छोटी गोल तबकडी, वर मोठं टेबल, कसं हलकं दिसतं! मी म्हटलं, वीस कशाला, दहा कर. दादा हसला. म्हणाला, हॉटेलातलं टेबल दोघांचं असतं आणि त्याच्या बुडाशी लोखंड असतं. मी म्हटलं, बरं, बारा. तेव्हा तिथे एक ठेकेदार बसला होता, आधीच झालेल्या दाराच्या चौकटी न्यायला आलेला. तो पान चघळत म्हणाला, "क्या सेठ, सगे भाई से बी सौदा करतैं? हौले हो क्या?"

मला येडा म्हटलेलं ऐकून कारखान्यातले सगळे हसले. आणि दादा — जो कधी कुणाला टोचून बोलत नाही — तोही हसत हसत म्हणाला, "बाळू, हे असं नाही मिटत. वजन कुणाचं ऐकत नाही. उगीच नाही बापूंनी तुला बाजारात घातलं."

त्यानं गमतीनं म्हटलं. मला आज माहीत आहे की गमतीनं म्हटलं. तेव्हाही माहीत होतं. पण मला पुन्हा ते गिऱ्हाईक दिसलं, दात काढून हसणारं, आणि हातातून निघून गेलेला रंधा.

टेबल घरी आलं. वीस इंचांचे पाय घेऊन. सगळ्यांना आवडलं. शेजारचे लोक बघायला आले. शोभा एकदाच म्हणाली, "अहो, पाय जरा बाहेर येतात का हो? ठेच लागते." तेवढं मला पुरलं. तिसऱ्या दिवशी माझी करंगळी आपटली, तेव्हा तर खात्रीच झाली — म्हटलं बघा, मी सांगत होतो.

त्या आठवड्यात अंबरपेठेला एक लग्न होतं. घरचे सगळे सकाळीच गेले. मी म्हटलं, वखारीत माल येणार आहे, मी मागून येतो. माल वगैरे काही नव्हता. वखारीतून मी करवत आणली, कानस आणली, पॉलिशची बाटली आणली. फरशीवर गोधडी अंथरली आणि टेबल हळूच आडवं केलं. भर दुपारचं ऊन खिडकीतून त्या पायांवर पडलं होतं. दादानं त्यांच्या टोकांना दिलेली गोलाई — अशी, मांजराच्या पंजासारखी.

आता ऐका. इथे मला थांबावंसं वाटतंय, म्हणून भरभर सांगतो.

वीस तो म्हणाला होता. दहा मी म्हणालो होतो. बाजारात हे पंधरावर मिटलं असतं. मी पंधरावर मिटवलं. चारही पायांची टोकं मी पाच-पाच इंच कापली.

इतकंच? — तुम्ही म्हणाल. इतकंच नाही. ती कापलेली टोकं चौकोनी, बोथट दिसत होती. मग मी कानस घेतली. तीन तास बसलो. दादाची गोलाई डोळ्यांसमोर ठेवून पाय वरून उतरते केले, टोकं घासली, पॉलिश पेपर मारला, रंग मिळवला. आणि ते जमलं! मी चकित झालो. गाठ आली तिथे मी जोर केला नाही, बाजूनं गेलो. चौदाव्या वर्षी जे झालं नाही ते एक्कावन्नाव्या वर्षी झालं. कुणी सांगू शकलं नसतं की हे नरसिंगचं काम नव्हे. त्या घरात एकटा बसून मी स्वतःशी हसलो. मला वाटलं, बापू, बघा आता.

टेबल उभं केलं. मग कडेवर दोन्ही तळवे टेकून दाबलं. समोरच्या बाजूचे पाय उचलले गेले. बोटभर. सोडलं, पुन्हा टेकले.

ते मी पाहिलं. हेच मला सांगायचं होतं, आणि याच्यासाठीच मी इतका वेळ फिरत होतो. मी पाहिलं. दादाला का वीस हवे होते ते त्या क्षणी मला कळलं — पूर्ण कळलं. आणि मी काय म्हटलं असेल स्वतःला? म्हटलं, असं दाबतं कोण? जेवायला बसायचं आहे, कुस्ती खेळायची नाही. कापलेले चार तुकडे मी वखारीतल्या भंगाराच्या पोत्यात टाकले. ते पोतं दर आठवड्याला एका बेकरीच्या भट्टीत जातं. भुसा झाडला, हातपाय धुतले, आणि लग्नाला जाऊन जेवलो.

कुणाच्या लक्षात आलं नाही. शोभा म्हणाली, हल्ली ठेच लागत नाही, सवय झाली वाटतं.

पुढच्या रविवारी दादाचं सगळं घर जेवायला बोलावलं. आम्ही चौघं, ते चौघं — मीराचा नवराही होता. बगारा भात, अंबाडीची भाजी, वहिनींनी घरून थापून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी. दादा आत आला तो सरळ टेबलाकडे गेला आणि फळीवरून हात फिरवला, जसा कुणी वासराच्या पाठीवरून फिरवतं. खाली वाकून पाहिलं नाही. कशाला पाहील? त्यानंच केलेलं होतं. मी त्याला माझ्या शेजारी बसवलं. गप्पा चालू होत्या. मी खूश होतो. लाज वाटते सांगायला, पण मी आयुष्यात तेवढा खूश क्वचित झालो असेन.

शोभानं आमटीचं पातेलं आणून मधे ठेवलं, चुलीवरून उतरवलेलं, अजून उकळ्या फुटत होत्या. वहिनी म्हणाल्या, "शोभा, तू बस गं आता, तूप मी आणते."

वहिनींचे गुडघे दुखतात. त्या नुसत्या उठत नाहीत. दोन्ही हात पुढे टेकतात, सगळा भार देतात आणि मग उठतात. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत होतं. मी त्यांना शंभर वेळा तसं उठताना पाहिलंय. मी त्यांच्या समोरच बसलो होतो — त्यांचे हात टेबलाच्या कडेवर आले ते मी पाहिलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. इतक्या लवकर कुणाला सुचतं? की मला सुचलं होतं? ठाऊक नाही. प्रामाणिकपणे सांगतो, ठाऊक नाही.

टेबल त्यांच्या अंगावर गेलं. सावकाश नाही, एकदम. आमटी त्यांच्या मांडीवर, पायांवर. त्या मागे पडल्या, उजवा हात खाली आला आणि त्यावर फळीची कड. तो आवाज — लाकडाचा नव्हता तो.

आणि पहिला कोण बोललं माहीत आहे? मी. कुणी वहिनींना धरायच्या आधी, पाणी आणायच्या आधी, मी उभा राहून ओरडलो, "दादा, हे काय करून ठेवलंस तू!"

मी ठरवलं नव्हतं. शपथ घ्यायची सवय नाही मला, पण मी खरंच ठरवलं नव्हतं. ते वाक्य माझ्या आत आधीपासून तयार बसलेलं असल्यासारखं बाहेर आलं. ऐकून मीच हादरलो. मीच बोललो ते? मीराचा नवरा टेबल उचलत होता, शोभा थंड पाणी ओतत होती, वहिनी ओरडतही नव्हत्या, नुसतं तोंड उघडं होतं — आणि दादा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. जसा एखादा मुलगा शिक्षकाकडे बघतो, आपलं गणित चुकलं म्हणून.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय भाजले ते महिनाभरात बरे झाले, डाग राहिले. मनगट वाकडं बसलं. वहिनींना आता भाकरी थापता येत नाही. पीठ मळतात डाव्या हातानं, थापायला बसल्या की हात वळत नाही. दवाखान्याचा सगळा खर्च मी केला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. ते मी ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी दादा एकटाच आला. घरी मी होतो फक्त. हातात टेप आणि ती जुनी वही, जिच्यात तो कामाची मापं लिहितो. आम्ही दोघांनी मिळून टेबल आडवं केलं. त्यानं एक पाय मोजला. पंधरा. दुसरा मोजला. चारही मोजले. मग वहीत पाहिलं, आणि वही डोळ्यांजवळ नेली, कारण त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता.

"मी वीस लिहिलंय," तो म्हणाला. "वीस लिहून पंधरा कसे कापले मी?"

त्यानं एका पायाच्या टोकावरून अंगठा फिरवला — जिथे मी तीन तास कानस चालवली होती. मला वाटलं, आता कळणार. तुम्हीही विचाराल, एवढा कसबी सुतार, त्याला कळलं नाही? मीही तेच विचारतो. अंगठा त्यानं दोनदा फिरवला. मग म्हणाला, "गोलाई माझीच आहे. काम माझंच आहे."

आयुष्यभर मला हेच ऐकायचं होतं — माझ्या हातचं काम कुणी नरसिंगचं समजावं. आणि ते असं ऐकलं.

मग त्यानं मान वर केली. "बाळू, तू तर हातात आलेली फळीन् फळी मोजतोस. हे घरी आलं तेव्हा मोजलं होतंस? तेव्हाही पंधराच होते?"

एवढाच प्रश्न होता. त्याच्या आवाजात संशय नव्हता. उलट त्याला आशा होती — माझ्या उत्तरावर त्याचं सगळं अडलेलं होतं. मी 'नाही, वीस होते' म्हटलं असतं, तर चूक माझी होती. 'हो' म्हटलं, तर त्याचा हात गेला, डोळा गेला, आणि वहिनींचं मनगट त्यानं मोडलं होतं. एका बाजूला माझी शरम, दुसऱ्या बाजूला त्याचं उरलेलं आयुष्य. आणि तो समोर बसला होता, माझ्यावर पूर्ण भरवसा ठेवून.

"हो," मी म्हणालो. "पंधराच होते. मला वाटलं, तू विचार करूनच केलं असशील."

हे दुसरं वाक्य कशाला जोडलं मी? नुसतं 'हो' पुरलं असतं. मी सौदा पक्का करत होतो. सवयीनं.

दादानं लाकूड नीट पाहिलं असतं तर रेषा कुठे तुटते ते त्याला दिसलं असतं, पॉलिश कुठे ताजं आहे ते दिसलं असतं. त्यानं लाकूड पाहिलंच नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला पुरावा मिळाला. वही मिटली. "दिसत नाही रे मला आता," म्हणाला. "आणि मला कळलंही नाही की दिसत नाही."

त्यानंतर महिनाभरात त्यानं कारखाना बंद केला. हातातली कामं दुसऱ्या सुतारांना वाटून दिली. मीरा रडली, वहिनींनी समजावलं — मोडका हात दादाच्या पाठीवरून फिरवत, तुमची काही चूक नाही म्हणत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. त्यानं ऐकलं आणि मान हलवली. डोळ्यावर विश्वास बसायला डॉक्टर पुरत नाही.

आणि एके दिवशी टेम्पोतून हत्यारांची पेटी माझ्या वखारीत आली. सोबत निरोप: तुझ्याकडे राहू दे, माझ्याकडे गंजेल. बापूंची पेटी. तीस वर्षं मी जिच्यासाठी मनातल्या मनात भांडलो ती. मी ती उघडली, आणि बापूंच्या त्या काळ्या मुठी पाहून मला ओकारी आली. खोटं नाही सांगत. वखारीच्या मागे जाऊन मी ओकलो.

टेबलाचे पाय मी दुसऱ्या सुताराकडून नवे करून घेतले. किती ठेवायचे, त्यानं विचारलं. वीस, मी म्हणालो. आता त्यावर कुणी उभं राहिलं तरी ते हलत नाही. दादा येतो जेवायला सणावाराला. तो त्या टेबलाशी बसतो, पण खुर्ची मागे ओढून, ताट हातात घेऊन. कडेला कोपर टेकवत नाही. वहिनी उठायला लागल्या की तो आधी उभा राहतो.

मी चार वर्षांत किती वेळा सांगायला गेलो असेन? एकदाही नाही. हे खरं उत्तर आहे. अंबरपेठेला जातो, चहा पितो, शहराच्या गप्पा मारतो, आणि परत येतो. भीती वाटते का? दादाची नाही. तो काही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे — आणि त्याचीच भीती वाटते. की तीही एक सबब आहे? असेल. मला माझ्या सबबी आता ओळखता येत नाहीत.

मागच्या महिन्यात दादा वखारीत आला. माझ्या वखारीत तो सहसा येत नाही. इकडे-तिकडे बघत उभा राहिला, जसं एखादं गिऱ्हाईक भाव विचारायला लाजतं. म्हणाला, "तुझ्या वहिनीला न्हाणीघरात बसायला स्टूल पाहिजे. तयार एखादं असेल तर दे."

मी म्हटलं, "दादा, स्टूल? तू? एका दुपारचं काम आहे तुझं. लाकूड ने, हवं ते ने."

"नक्को," तो म्हणाला. "पडली तर?"

मी एक स्टूल काढलं, साधं, चार पायांचं. तो त्याच्याजवळ गेला नाही. न्हाणीघरातली जागा किती रुंद आहे ते त्यानं मीराच्या नवऱ्याकडून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. स्वतः मोजलं नव्हतं. ती चिठ्ठी त्यानं उलटी करून गुडघ्यावर धरली, खिशातून पेन्सिल काढली. "तू मोज," म्हणाला. "तू सांग, मी लिहितो."

मी स्टुलाच्या रुंदीला टेप लावली. सोळा इंच होतं. मी सोळा म्हणालो. त्यानं सोळा लिहिलं. टेपकडे त्यानं पाहिलंही नाही.